केपे तालुक्यातील एक भट्टी आणि तिचे तळघर

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर, दोहोंच्या मध्ये रायापूर आहे. तेथील माणसाला आपल्या भागाची ख्याती कशात आहे असे विचारले, तर तो धारवाडच्या पेढ्याचे नाव घेतो. उत्तरेकडील उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने हा पेढा सुरू केला, त्याची कृती घरातल्या घरात जपली आणि एका दुकानाच्या फळीवरून गावाचे नाव देशभर पोहोचविले. गेल्या एप्रिलात रायापूरच्या दोन कुटुंबांसमवेत गोव्यास जाण्याचा योग आला, तेव्हा अशीच एक घराणेदार जागा आमच्या पाहण्यात आली. फरक इतकाच, की तेथे खवा भाजत नव्हते. काजूची फेणी गाळीत होते.

धर्मगुरूने दारूच्या भट्टीवर काय म्हणून जावे, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांचे समाधान पुढे होते की नाही ते त्यांनीच पाहावे.

धारवाडहून अळणावर, रामनगर असे करीत आम्ही अनमोडचा घाट उतरलो. माथ्यावरचे दाट अरण्य संपून मोले मागे पडले, की हवा दमट होते आणि टेकड्यांच्या उतारावर काजूची झाडे दिसू लागतात. हे झाड मूळचे आपले नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणले. त्याचे 'काजू' हे नावही तेथील आदिवासींच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून आपल्याकडे आले. आज मात्र त्या झाडावाचून गोव्याची टेकडी ओळखू येणार नाही.

केपे तालुक्यातील ज्या घरी आम्ही उतरलो, त्याचे नाव घरधन्याच्या इच्छेवरून आम्ही छापीत नाही. जांभ्या दगडाचे जुने घर, पुढे सोपो घातलेली बाल्कांव, मागे बागायत आणि बागायतीच्या वर टेकडी. चार पिढ्या हे घराणे भट्टी लावीत आले आहे. घरातील वृद्ध आजीबाईंना सारे 'शामाय' म्हणतात. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आजीला तेच नाव आहे. त्यांनी आम्हांला प्रथम नीरो प्यावयास दिला. बोंडू तुडविल्यावर उरलेल्या चोथ्याचा ढीग बांधून त्यावर दगडाचा भार ठेवतात. त्यातून रात्रभर जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. तो गोड असतो व त्यात नशा नसते. आमच्यासोबतच्या मुलांनी दोन-दोन पेले रिकामे केले.

नंतर घरधनी आम्हांस टेकडीवर घेऊन गेले. तेथे जे पहिले कळले ते असे, की बोंडू झाडावरून तोडावयाचा नाही. तो पिकून आपोआप खाली पडला पाहिजे. तोडलेल्या फळात ती गोडी नसते. म्हणून मार्चपासून मेअखेरपर्यंत रोज पहाटे घरातील माणसे खाली वाकून फळे वेचतात, बी पिळून वेगळी काढतात आणि बोंडू कोळंबीत टाकतात. कोळंबी म्हणजे दगडाची उथळ कुंडी. तीत पायांनी बोंडू तुडवितात व रस खालच्या भांड्यात उतरतो. हा रस तीन दिवसांच्या सुमारास आपणच आंबतो. बाहेरचे काही घालावे लागत नाही.

आंबलेला रस तांब्याच्या भाणात घालून खाली लाकडे पेटवितात. पाणी 100 अंशांवर उकळते आणि मद्यार्क 78 अंशांवर, म्हणून मद्यार्काची वाफ आधी सुटते. ती नळीवाटे दुसऱ्या भांड्यात जाऊन थंड होते. या भांड्याला तेथे 'लावणी' म्हणतात. (आमच्या सोबतचा एक तरुण हे ऐकून हसला, तेव्हा ही लावणी फडावरची नव्हे हे त्याला सांगावे लागले.) पहिल्या खेपेस मिळतो तो उराक, तो सौम्य असतो व हंगामातच संपतो. उराक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला म्हणजे फेणी होते. तिच्यात मद्यार्क शेकडा 42च्या आसपास असतो. हातात यंत्र नव्हते तेव्हा जुनी माणसे ती उंचावरून ओतून बुडबुड्यांवरून तिचा कस ओळखीत. फेणी हे नाव फेसावरूनच पडले असे सांगतात.

येथे एक खुलासा करणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण परतीच्या वाटेवर सोबतच्या एका भगिनीने तो विचारला. ही फेणी मिस्सेसाठी चालेल काय? मुळीच नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 924वे कलम स्पष्ट आहे: मिस्सेचा द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक व न नासलेला असावा. द्राक्षारस केवळ आंबविलेला असतो, गाळलेला नसतो. फेणी काजूची आणि गाळलेली, म्हणजे दोन्ही अर्थी वेगळी.

घराच्या मागल्या अंगास चार पायऱ्या उतरून तळघर आहे. उजेड अगदी थोडा, पण डोळे सरावले तसे भिंतीशी ओळीने मांडलेले गराफांव दिसू लागले. काचेच्या या मोठ्या, पोटाळ बाटल्यांना बाहेरून वेताचे विणकाम असते, आणि पोर्तुगीज अमदानीपासून गोव्याच्या घरांत त्या जपल्या जातात. फेणी त्यांत वर्षानुवर्षे मुरते. घरधन्याने एकाचे बूच काढले, तेव्हा साऱ्या तळघरात बोंडूंचा तो उग्र वास दरवळला. ज्याला तो सवयीचा नाही त्याला पहिल्या प्रथम आवडणार नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो.

तळघराचा दरवाजा अंगणात उघडतो, आणि विक्री तेथूनच होते. पाटी नाही, दुकान नाही. गिऱ्हाईक स्वतःची बाटली आणते, शामाय खुर्चीवर बसलेल्या असतात आणि घरधनी मापून देतो. सायंकाळी आंजेलुसची घंटा झाली, आम्ही सर्वांनी उभे राहून प्रार्थना म्हटली, आणि थोड्याच वेळात एक मजूर रिकामी बाटली घेऊन अंगणात आला. शामायने त्याला नावाने हाक मारली. मुलांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "तुझी बायको सोमवारी येऊन गेली. तुला मी देणार नाही. आत ये, पेज खाऊन जा." तो काही वेळ मान खाली घालून उभा राहिला, पेज मात्र खाल्ली नाही. निघून गेला.

"दुसरीकडे जाऊन घेईल," घरधनी म्हणाला.

"घेऊ दे. माझ्या दारातून नको," शामाय म्हणाल्या.

मद्यपानाने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, व्यासपीठावरून त्याविरुद्ध बोललोही आहोत. परंतु त्या खुर्चीवरून जे काम झाले ते आमच्या प्रवचनांहून अधिक नेमके होते, असे आम्हांस वाटले. ते शक्य झाले याचे कारण शामाय गिऱ्हाइकाला, त्याच्या बायकोला आणि मुलांना ओळखतात.

आता हे दार किती दिवस टिकेल हा प्रश्न आहे. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही कायद्याच्या लेखी ती 'देशी दारू'च होती आणि त्यामुळे गोव्याबाहेर विकता येत नव्हती. 2016 मध्ये गोवा सरकारने अबकारी कायद्यात दुरुस्ती करून तिला राज्याच्या वारशाचे पेय ठरविले, आणि बाहेरच्या बाजाराचा रस्ता मोकळा होऊ लागला. घरधन्याचा मुलगा मडगावास शिकून आला आहे. त्याच्या मनात सुबक बाटल्या, नक्षीदार लेबले आणि मुंबई-दिल्लीची दुकाने आहेत. त्याचे म्हणणे उगाच नाही. पहाटे वाकून फळे वेचावयास माणसे मिळत नाहीत. टेकड्यांची पावणी सरकार दरवर्षी करते, तिचे पैसे आधी भरावे लागतात. त्याच्या दोघा चुलत भावांनी भट्टी सोडून बोटीवरची नोकरी धरली. अंगणातल्या विक्रीवर चौथी पिढी जगली, पाचवी जगणार नाही, असे तो स्पष्ट बोलतो.

शामायने त्याला आमच्यासमोरच विचारले, "बाटली दिल्लीला गेली की ती कोणाच्या घरी फुटते हे मला कोण सांगेल?"

मुलगा निरुत्तर झाला नाही. तो म्हणाला, "शामाय, आपली बंद झाली म्हणून दिल्लीत कोणी प्यावयाचे थांबणार नाही. आपली मात्र टेकडी विकली जाईल, आणि घेणारा तेथे बंगले बांधील."

आम्ही कोणाची बाजू घ्यावी, असे दोघांनीही आमच्याकडे पाहिले. आम्ही इतकेच विचारले, की बाटल्या बाहेर पाठविल्या तरी हे अंगणातले दार उघडे राहील काय? मुलगा म्हणाला, राहील. शामाय काही बोलल्या नाहीत.

निघताना मुलाने लेबलाचा नमुना दाखविला. वर काजूचे झाड, खाली घराण्याचे नाव. नाव घालावयास शामायने अद्याप होकार दिलेला नाही, म्हणून तो छापखान्यात गेलेला नव्हता. आमच्या सोबतच्या कुटुंबांनी एक बाटली नीरो मागून घेतला. अनमोडच्या चौकीवर अबकारीच्या शिपायाने तो हुंगून पाहिला आणि हसून गाडी सोडली.