पालीच्या वाटेवरची मिठागरं

मैत्रिणींनो, भाईंदर पश्चिमेहून बस धरून पालीच्या समुद्रावर जाणार असाल, तर मुलांना खिडकीशी बसवा. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडतात, आणि वाटेत मिठागरांचे उथळ चौकोन दिसतात. पालीचे वाळत घातलेले बोंबील नि होड्या सगळेच पाहतात. या चौकोनांकडे सहसा कुणी बघत नाही.

पाणी कसं खेळवावं, ते मिठागराकडून शिकावं! उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटी लागण्यापूर्वी दार बंद करायचं. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सोडायचं. ऊन-वारा त्याला आटवत जातो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात जेमतेम ३५ ग्रॅम क्षार, तेव्हा घाई कामाची नाही. शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. उरलेलं कडू पाणी मात्र वेळेवर काढावंच लागतं. त्यातले मॅग्नेशियमचे क्षार मिठात राहिले, की पावसाळ्यात आपल्या बरणीतलं मीठ पाझरतं. जाडं मीठ लोणच्याला जरूर वापरा. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्तच बरं.

एक अवकाळी सर आली, तरी कित्येक दिवसांची मेहनत विरघळून जाते. शिवाय ही सखल जमीन पावसाचं नि भरतीचं पाणी पोटात घेते. ती भराव घालून बुजवली, तर ते पाणी कुठं जाईल? आपल्याच उंबरठ्याशी ना? पालीला जाताना मुलांना हेही सांगा.