दगड निवडावा जागा पाहून

सोयाबीन निघाले, दिवाळी झाली की आमच्या खटकचिंचोळीत बांधकामांना जोर येतो. कुठल्याही गल्लीतून जा, दगड कापायच्या कटरचा कर्कश आवाज कानावर येतोच. घर बांधणाऱ्याला विचारावे, 'फरशी कोणती घालणार?' तर उत्तर ठरलेले असते, 'सगळीकडे ग्रॅनाइट!' ओट्याला ग्रॅनाइट, जिन्याला ग्रॅनाइट, न्हाणीघरात ग्रॅनाइट आणि उंबऱ्यालाही तोच. पूर्वी सोयरीक जुळवताना विहीर आणि बैलजोडी विचारत, आता पाहुणे येतात ते आधी ओट्यावरून हात फिरवतात.

खरे तर आपण दगडांच्याच मुलखात राहतो. बीदरचा किल्ला जांभ्या दगडात आणि काळ्या पाषाणात उभा आहे. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम हा पट्टा म्हणजे शहाबादी फरशीचे माहेर. ती रेल्वेने पार मुंबई-पुण्याच्या चाळींपर्यंत पोहोचली. ग्रॅनाइट मात्र आपल्या बीदर जिल्ह्याचा नव्हे, तो पाहुणा आहे. तांबूस गुलाबी दगड येतो बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलहून. आपल्या आज्या ज्या गावाला 'इरकल' म्हणत आणि जिथले लुगडे पेटीच्या तळाशी जपून ठेवत, तेच हे गाव. तपकिरी येतो तेलंगणातल्या करीमनगरकडून, काळा आपल्याच राज्यातल्या चामराजनगरहून, आणि काळ्यावर चांदण्या चमकणारा 'गॅलक्सी' आंध्रातल्या चिमाकुर्तीहून.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घराचे काम निघाले, तेव्हा धाकट्या दिरांनी दुकानातून चकचकीत काळ्या तुकड्यांचे नमुने आणले. सासूबाई कानडी बोलतात, मी मराठीत उत्तर देते, असा आमचा वर्षानुवर्षांचा संसार आहे. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटा केला आणि मुलाला म्हणाल्या, 'कल्लु नोडु, होळपु नोडबेड.' म्हणजे दगड बघ, चकाकी बघू नकोस. माझ्या एम.ए.च्या अभ्यासातही इतके नेमके वाक्य क्वचित भेटले.

दगड बघायचा म्हणजे काय? ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजे असतात. कठीणपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आणि फेल्डस्पार ६ वर आहे. पोलादी सुरी त्याखालीच राहते. म्हणून ओट्यावर भाजी चिरली तर दगडावर ओरखडा उठत नाही, बिचाऱ्या सुरीचीच धार जाते. शहाबादी आणि संगमरवर हे चुनखडीच्या कुळातले, त्यांचा कठीणपणा जेमतेम ३. त्यांच्यावर लिंबू, चिंच, ताक सांडले की पॉलिश खाऊन पांढुरका डाग पडतो. जिथे रोज चिंचेचे सार होते, तिथल्या ओट्याला ग्रॅनाइट हवाच, यात वाद नाही.

मात्र बाजारात जो कठीण दगड पॉलिश घेतो तो सगळा 'ग्रॅनाइट' म्हणूनच विकला जातो. काळा ग्रॅनाइट भूशास्त्राच्या भाषेत बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. त्यात कमीपणा काही नाही. चांगला काळा दगड घट्ट असतो, तेल-पाणी कमी पितो. फसवणूक होते ती करड्या दगडाला रंग देऊन काळा केला असेल तर. म्हणून दुकानात जाताना चार गोष्टी सोबत न्याव्यात : थोडे पाणी, लिंबाची फोड, नखांचा रंग काढायचे अॅसिटोन आणि पांढरा कपडा. पाण्याचे थेंब दहा-पंधरा मिनिटे ठेवून पुसावेत. खाली गडद ठिपका दिसला तर दगड पाणी पितो, म्हणजे उद्या तेलही पिईल. लिंबाने पांढरा डाग पडला तर तो ग्रॅनाइट नव्हेच. अॅसिटोनच्या कपड्याला काळे लागले तर रंग दिलेला आहे. मग लादी तिरप्या उजेडात धरून बारीक चिरा पाहाव्यात आणि बोटाने वाजवावी. मडके घेताना आपण वाजवतोच की! बद्द आवाज आला तर ती बाजूला ठेवावी. ओट्यासाठी जाडी पाऊण इंचाच्या आसपास असावी आणि सिंक-शेगडीसाठी कापलेल्या भागाला खालून नीट आधार असावा, कारण दगड तडकतो तो त्या अरुंद पट्टीतच.

आता पायाखालचे बोलू. आमच्या नात्यातल्या एका घरी जिना आणि न्हाणीघर दोन्ही आरशासारख्या ग्रॅनाइटचे केले. वास्तुशांतीला सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केले. पहिल्याच पावसाळ्यात घरातल्या आजी ओल्या पायरीवरून घसरल्या, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण ज्या बाई पहाटे उठून शेण-सडा करीत, त्या पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत. घर ज्यांच्या आयुष्यभराच्या काटकसरीतून उभे राहिले, त्यांनाच ते घर चालवेना. या वयात मोडलेला खुबा पुष्कळदा माणसाला अंथरुणालाच खिळवतो.

त्यानंतर आमच्या घरचा वाद आपोआप मिटला. ग्रॅनाइट फक्त ओट्यावर. सोप्यात आणि अंगणात बिनपॉलिशची शहाबादी. ती उन्हाळ्यात गार राहते आणि ओल्या पायाला धरून ठेवते. पायऱ्यांना ग्रॅनाइटच हवा असेल तर खरखरीत केलेला, 'फ्लेम' किंवा 'लेदर' फिनिशचा घ्यावा, नाहीतर पायरीच्या कडेला खाचा पाडून घ्याव्यात.

आणखी एका माणसाकडे लक्ष द्यावे, तो म्हणजे दगड कापणारा कारागीर. ग्रॅनाइट कोरडा कापला की सिलिकाची अतिशय बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. खाणकामगारांचे हाल पाहून राजस्थान सरकारने २०१९ मध्ये यासाठी वेगळे धोरण केले. शहरांत हल्ली 'क्वार्ट्झ' नावाने जो कृत्रिम दगड मिळतो, त्यात सिलिका फारच जास्त असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. आपण एवढे तरी करावे : मापे देऊन दुकानातल्या पाण्याच्या यंत्रावर कापून घ्यावे, आणि घरी कापणे आलेच तर पाण्याची धार धरायला सांगावे, नाका-तोंडाला चांगला मास्क द्यावा. चहा आपण देतोच, त्याबरोबर हेही.

राखणीचे म्हणाल तर ग्रॅनाइट फार मागत नाही. रोज भांड्याच्या सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरे. अॅसिड ओतू नये, ते सांध्यातले सिमेंट खाते. शहाबादीवर तर मुळीच नको, ती फसफसते आणि खडबडीत होते. आपल्याकडे बोअरचे पाणी जड, म्हणून नळाभोवती पांढरे क्षार साचतात. त्यावर उपाय एकच, रात्री ओटा कोरडा पुसून झोपावे. तेलाचा डाग मुरला असेल तर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप लावून, वर प्लॅस्टिक झाकून रात्रभर ठेवावा. एकदा भागले नाही तर पुन्हा लावावा. दगड पाणी पितो असे दिसले तर त्यात मुरणारे सीलर लावून घ्यावे आणि वर्षा-दोन वर्षांनी पाण्याच्या थेंबाने पुन्हा पारखावे. तापलेले पातेले चुंबळीवर किंवा जाळीवर ठेवावे. खलबत्ता जमिनीवर घ्यावा आणि नारळ फोडायला अंगणातला दगड आहेच.

कानडीत स्वयंपाकाच्या ओट्यालाही 'कट्टे' म्हणतात आणि मराठीत आपण गप्पा मारतो तो 'कट्टा'. दोन्हीकडे माणसे जमतात ती दगडाभोवती, पण दगडासाठी नव्हे. म्हणून नवे घर बांधणाऱ्यांना एकच सांगणे आहे. पाहुण्याला काय दिसेल हे नंतर पाहा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आधी त्या फरशीवर ओल्या पायाने, तुमचा हात धरून, चार पावले चालवून बघा. ती निर्धास्त चालली तर दगड चांगला.