आधी रुमाल, मग इंजेक्शन

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट उलटा बसूच शकणार नाही, ऑपरेटरची स्टेप चुकूच शकणार नाही, अशी सोय करून ठेवायची, याला आमच्यात पोका-योके म्हणतात. त्याचं ट्रेनिंगसुद्धा मीच देते. आणि याच अस्मादिकांनी स्वतःच्या बाबांच्या ट्रीटमेंटमधली स्टेप नंबर एक चक्क गाळली!

झालं असं, की बाबांना वयाच्या ७४व्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तोही मणक्याच्या हाडापर्यंत पोचलेला. डॉक्टर म्हणाले, "हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. आपण त्याचं रेशनच बंद करू." दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन. प्रिस्क्रिप्शनवर त्याच्या वरच्या ओळीत एक गोळी होती, बायकॅल्युटामाइड, रोज एक, 'आजपासून'. पण माझं सगळं लक्ष इंजेक्शनकडे. जे महाग तेच महत्त्वाचं, असं आपलं गणित असतं ना! गोळ्या इंजेक्शनच्या दिवशीच सुरू करू म्हटलं आणि त्या माझ्या पर्समध्येच राहिल्या.

ठरलेल्या दिवशी हाफ डे टाकला, तळेगाव चौकातलं ट्रॅफिक पार केलं आणि बाबांना घेऊन पोचले. सिस्टरनी विचारलं, "गोळ्यांना आठवडा झाला ना?"

"नाही, आजपासून घेणार आहेत."

सिस्टरनी हातातलं सिरींज खाली ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. इंजेक्शन आठ दिवस पुढे गेलं.

"एका आठवड्यानं एवढा काय फरक पडतो?" मी वैतागूनच विचारलं.

डॉक्टरांनी मला माझ्याच भाषेत समजावलं. मेंदूतून पिट्युटरी ग्रंथीला साधारण तास-दीड तासानं एक निरोप जातो. तो मिळाला की ती वृषणांना कामाला लावते आणि टेस्टोस्टेरॉन तयार होतं. हे इंजेक्शन म्हणजे त्याच निरोपाची नक्कल, फक्त ती अखंड चालू राहते. समजा, तुमचा बॉस दर मिनिटाला मेल टाकायला लागला. पहिले काही दिवस टीम धावपळ करेल, प्रॉडक्शन वाढेल. मग? मग कोणी त्याचे मेल उघडणारच नाही! तसंच इथे होतं. पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि तीन-चार आठवड्यांत तळाला जातं. सुरुवातीच्या या भडक्याला 'फ्लेअर' म्हणतात.

"आणि तेवढ्या दिवसांत कॅन्सरला मेजवानी?" बाबांनी विचारलं.

"बरोबर. हाडं जास्त दुखू शकतात, लघवी अडू शकते. तुमचा आजार मणक्यात आहे, तिथे सूज वाढून मज्जारज्जूवर दाब आला तर पाय जातात. म्हणून आधी गोळी. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तशी ही गोळी कॅन्सरच्या पेशीतली टेस्टोस्टेरॉनची जागा धरून ठेवते. ते आलं तरी त्याला बसायला मिळत नाही."

माझा घसा कोरडा पडला. पर्समध्ये मी रुमालच तर विसरले होते!

"दुसरा काही मार्ग?" बाबांनी विचारलं आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जरा चहा घेऊन ये." मला कळलं. पण मी हलले नाही. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. वृषणं काढायचं ऑपरेशन हा जुना मार्ग, त्यात टेस्टोस्टेरॉन दिवसभरातच खाली येतं, फ्लेअरचा प्रश्नच नाही. हार्मोन्स तोडले की हा कॅन्सर आटोक्यात येतो हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. डेगारेलिक्स नावाचं इंजेक्शनही आहे, ते पिट्युटरीला थेट गप्प करतं, त्यातही फ्लेअर नाही, पण ते दर महिन्याला घ्यावं लागतं. बाबांनी ठरलेलंच चालू ठेवलं.

बाबांची अख्खी नोकरी पिंपरीच्या एचए कंपनीत झाली, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. गाडीत बसल्यावर म्हणाले, "अगं, आमच्याकडे आधी टाकी स्टरलाइज, मग बॅच. उलटं केलं की अख्खी बॅच गटारात." मी रडायला लागले, तर म्हणाले, "रडतेस काय? सिस्टर आहे ना, तीच तुझी पोका-योके!"

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या त्यांच्या टूथब्रशच्या मगमध्ये आणि भिंतीवर टिक करायचा तक्ता. आठवड्यानं इंजेक्शन झालं. गोळ्या पुढेही तीन आठवडे चालू ठेवायच्या होत्या. रोज सकाळी माझा फोन. लघवी नीट होते का? पायात मुंग्या? कमरेत नवीन दुखणं? बापाला असले प्रश्न विचारायची मला सवय नव्हती आणि त्यांना उत्तरं द्यायची. तिसऱ्या दिवसापासून ते स्वतःच रिपोर्टिंग करायला लागले.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला, "पाय जड वाटतायत गं." लाइनवर ऑडिट चालू होतं. मी शूज न बदलताच निघाले. मोशी, भोसरी, नाशिक फाटा, एकही सिग्नल संपेना. डॉक्टरांनी पाय उचलायला लावले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, टाचणी टोचून पाहिली. सगळं ठीक. लिफ्ट बंद म्हणून आमचे साहेब सकाळी चार मजले दोनदा चढले होते!

मी ओशाळून सॉरी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही. या दिवसांत पाय लुळे पडले, बधिर झाले, लघवी-संडासचा ताबा गेला, तर सकाळची वाट बघायची नाही. दहा वेळा उगाच या, पण अकराव्या वेळी घरी राहू नका."

पाचव्या आठवड्यात रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन १८. पन्नासच्या खाली हवं होतं. कंबरदुखीही कमी झाली होती. आता डिसेंबरच्या थंडीत बाबांना एकदम घामाच्या लाटा येतात, लवकर थकायला होतं. ते फुल स्पीडवर पंखा लावतात, आई शाल घेऊन बाहेरच्या खोलीत जाते.

तक्ता अजून भिंतीवरच आहे. बाबांनी त्यावर पुढच्या इंजेक्शनची तारीख घातली आहे आणि खाली लिहिलंय, 'क्वालिटीवाल्यांनी अर्धा तास आधी यावे.'