रिकामी चौकट

धर्मग्रामाच्या सणाला मिस्सा आटोपली की मंडपात लिलाव पुकारला जातो. केळीचा घड, नारळाची पेंड, कुणी भक्तिभावाने आणून दिलेला कोंबडा. बाजारभावाच्या पाचपट-दहापट मोजून माणसे तो घड घरी नेतात आणि घेणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्यांनाच अधिक आनंद होतो. त्या कलकलाटात आम्ही मात्र दरवर्षी थोडे अस्वस्थ असतो. कारण पुढे येईलच.

सेमिनरीत आमच्या खाटेजवळच्या भिंतीवर पवित्र मरियामातेचे एक छापील चित्र होते. शुभ्र झगा, निळे वस्त्र, पायाशी चंद्रकोर, भोवती बालदूतांचा थवा. वाचकहो, अशी चित्रे आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. मूळ चित्र सेव्हिल नगरीतील चित्रकार मुरिलो याने १६७८च्या सुमारास रंगविलेले, हे आम्हाला फार उशिरा कळले. ते होते एका आश्रमाच्या चर्चमध्ये. सेव्हिलच्या कॅथेड्रलमधील धर्मगुरू हुस्तिनो दे नेव्हे यांनी वृद्ध व व्याधिग्रस्त धर्मगुरूंसाठी तो आश्रम १६७५ साली स्थापन केला होता. (आम्हीही पन्नाशी ओलांडली आहे, असल्या आश्रमाचा विचार अधूनमधून मनात येतोच.)

१८१० साली नेपोलियनचे सैन्य सेव्हिलमध्ये शिरले. त्याचा सेनापती मार्शल सुल्त हा चित्रांचा मोठा शौकीन. मठांतून व चर्चमधून शेकडो चित्रे उतरवून राजवाड्यात जमा केली गेली आणि त्यांतली निवडक मार्शलसाहेबांच्या पदरी पडली. त्यांच्याविषयी एक किस्सा त्या काळी सांगितला जाई. एका चित्राने दोन सज्जनांचे प्राण वाचविले, असे ते पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत. खरा प्रकार असा की, चित्र द्या नाहीतर गोळी घालतो, अशी धमकी त्यांनी त्या दोघा मठवासीयांना दिली होती!

सुल्त १८५१च्या नोव्हेंबरात वारले आणि पुढच्या मे महिन्यात पॅरिसमध्ये त्यांच्या संग्रहाचा जाहीर लिलाव झाला. १९ मे १८५२ रोजी मुरिलोची मरियामाता बोलीवर आली. रशियाचा झार आणि स्पेनची राणी यांचेही प्रतिनिधी बोली लावीत होते, असे सांगतात. स्पेनच्याच राणीने स्पेनमधून नेलेल्या चित्रासाठी बोली लावावी, यातला विपर्यास त्या दिवशी कुणाला जाणवला असेल काय? अखेर ५,८६,००० फ्रँकला हातोडा पडला. वर शेकडा पाच लिलावखर्च धरून ६,१५,३०० फ्रँक भरून लूव्हर संग्रहालयाने ते चित्र घेतले. तोवर कोणत्याही चित्राला एवढी किंमत आली नव्हती.

त्याच लिलावात मुरिलोचे आणखी एक चित्र होते: देवदूत संत पेत्राची तुरुंगातून सुटका करतो आहे. गोरगरिबांना व फाशी गेलेल्यांना मूठमाती देणाऱ्या सेव्हिलमधील एका भ्रातृसंघासाठी ते काढलेले. दयेची कृत्ये डोळ्यांसमोर राहावीत म्हणून ती चित्रमालिका त्यांच्या चर्चमध्ये लावलेली होती. ते झारने घेतले. बंधमुक्त झालेला पेत्र तेव्हा सेंट पीटर्सबर्गच्या राजसंग्रहात गेला.

पुढच्याच वर्षी, १८५३ साली, पदच्युत फ्रेंच राजा लुई फिलिप याची स्पॅनिश चित्रे लंडनमध्ये विकली गेली. झुर्बारानने रंगविलेला ध्यानस्थ संत फ्रान्सिस तिथेच लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाने विकत घेतला. कफल्लकपणाचे व्रत घेतलेला तो संत!

मरियामाता ८९ वर्षे पॅरिसच्या खाती राहिली. मधल्या काळात मुरिलोची चलती ओसरली. १९४१ साली फ्रान्स व स्पेन यांच्यात कलाकृतींची अदलाबदल झाली, तीत ती स्पेनला परत मिळाली. पण सेव्हिलला नव्हे, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. तिची मूळ कोरीव चौकट मात्र त्या आश्रमातच राहिली होती.

त्या चौकटीविषयी वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटले.

आमच्या पहिल्या धर्मग्रामात चर्चचे छप्पर गळत होते. मुंबईहून एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. बाजूच्या वेदीवरच्या कोनाड्यात मरियामातेची वाळवी लागलेली लाकडी मूर्ती होती. त्याने कौलांना पुरतील एवढे पैसे पुढे केले. आम्ही कुणालाही न विचारता होकार दिला. आम्ही सुल्त नव्हतो, आमच्या हाती बंदूक नव्हती; मात्र लोकांच्या मालकीची वस्तू लोकांना न विचारता गेली, एवढे खरेच.

दर शनिवारी त्या मूर्तीपुढे फुले ठेवणारी एक म्हातारी होती. “फादर, आमची माय कुठं गेली?” तिने विचारले.

“मावशी, दुरुस्तीला पाठवली आहे,” आम्ही म्हणालो.

पुढचे चार महिने ती दर शनिवारी विचारीत राहिली आणि आम्ही तेच उत्तर देत राहिलो. भर पावसाळ्यात ती वारली. तिची मिस्सा आम्हीच अर्पण केली. छप्पर गळत नव्हते.

गेल्या वर्षी त्या धर्मग्रामाच्या सणाला गेलो होतो. नंतर आणलेली प्लास्टरची मूर्ती कोनाड्यात मावत नाही, म्हणून ती खाली स्टुलावर उभी असते. कोनाडा तसाच आहे. कुणीतरी त्यात फुले ठेवली होती. कुणी, ते आम्ही विचारले नाही. तेवढ्यात बाहेर केळीच्या घडाची बोली सुरू झाली आणि एक पोर आम्हाला बोलवायला आले.