न येता येणारा माणूस

आमच्या शाखेतल्या कॉम्प्युटरच्या अंगात येतं. मी खुर्चीत हाताची घडी घालून बसलेला असतो आणि पडद्यावरचा बाण मात्र आपला आपण फिरू लागतो. काहीतरी उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. काउंटरपलीकडून हा प्रकार प्रथमच पाहणारे एक शेतकरी म्हणाले, "अरे बाप्पा! याले एखाद्या देवळात नेऊन आना."

देवळाची गरज नसते. मुंबईच्या हेल्पडेस्कवरचा एक पोरगा तिथून आमचं यंत्र चालवत असतो. याला 'रिमोट' म्हणतात. पूर्वी आमचा प्रिंटर रुसला की त्याची समजूत काढायला मेहकरहून, नाहीतर थेट बुलडाण्याहून माणूस यायचा. त्याच्या येण्याजाण्यात दिवस मोडायचा. आता तो न येता येतो. चहा पीत नाही, प्रवासभत्ता मागत नाही. बँकेच्या दृष्टीने याहून आदर्श कर्मचारी नाही.

पण मी पडलो बी. कॉम. आमच्या शास्त्रात तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक साहेबांकडे, एक रोखपालाकडे. दोघं शेजारी उभे राहिल्याशिवाय दार उघडत नाही. व्हाउचर लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. आणि इथे ज्याचं तोंड मी जन्मात पाहिलेलं नाही, तो माझ्या टेबलावर माझ्या देखत कारभार करतो! आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला लाखोंची पंगत बसते, पुरी-भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते. पण तिथेसुद्धा वाढणाऱ्याचं तोंड दिसतं.

या अदृश्य पाहुण्याला आत घ्यायचं तर पडद्यावर उमटलेला नऊ आकडी क्रमांक त्याला फोनवर सांगावा लागे. साहेबांचा आवाज मुळातच ग्रामसभेचा, त्यात फोनला रेंज नाही. ते आकडे असे सांगत की बाहेरच्या पानटपरीवाल्याने लिहून घ्यावेत.

एका दुपारी एक निवृत्त गुरुजी मोबाइल हातात धरून आले. पेन्शनचा आठवडा. "आकडे फार बारीक दिसतात हो. तेवढे वाचून द्या. बँकेतले साहेब फोनवर खोळंबलेत. केवायसी आहे म्हणे." मी पाहिलं तर आकडे नऊ! चाळिशी ओलांडल्यापासून मी प्रथमच धावलो. फोन बंद केला, कोणीतरी टाकायला लावलेलं ते ॲप काढलं, खातं तपासलं. नातीच्या लग्नाचे पैसे जागेवर होते.

मग मला राग आला. "गुरुजी, अनोळखी माणसाला असे आकडे द्यायचे असतात का?"

"तुमचे साहेब देतात की," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, बँकेची रीतच ती."

काचेआड साहेबांचा चहा थांबला.

तसं पाहिलं तर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं की, असं ॲप टाकायला लावून, नऊ आकडे विचारून, भामटे मोबाइलचा ताबा घेतात. त्याच वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टला विंडोजच्या रिमोटच्या दारातलं भगदाड बुजवावं लागलं. २०१४ मध्येच दिवस घातलेल्या एक्सपीलासुद्धा ठिगळ पाठवावं लागलं. ही सगळी माहिती फायलीत व्यवस्थित लावलेली असते. गुरुजींपर्यंत पोचला तो फक्त साहेबांचा आवाज.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर काढायला लावलं. तारीख, तक्रार क्रमांक, कोण शिरला, किती वाजता, काय केलं, केव्हा गेला. बाहेरून फोन आला तर तो ठेवायचा आणि भिंतीवर लिहिलेला हेल्पडेस्कचा नंबर आपण फिरवायचा. पाहुणा आत असेतो खुर्ची सोडायची नाही, मग लघवीला का लागेना. आकडे सांगायचे ते केबिनचं दार लावून. कॉम्प्युटर स्वतःच अशी नोंद ठेवतो म्हणे. ठेवू दे बिचारा! आम्हा कारकुनांचा भरवसा आखलेल्या रकान्यांवर.

परवा हेल्पडेस्कचा खराखुरा पोरगा फोनवर आला. "सर, अपडेट टाकायचंय. नंबर सांगता?" मी तोंड उघडण्याआधीच, पासबुक भरायला आलेले गुरुजी रांगेतून कडाडले, "आधी फोन ठेवायला सांगा त्याला!"

पोराने मुंबईत घाबरून फोन ठेवला.