लोकमताचे कुलूप

सार्वजनिक तिजोरीच्या व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला, अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम मांडली यापेक्षा ती दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा अखत्यार कोणाच्या हाती ठेवला आहे, हा प्रश्न अधिक रसाचा वाटतो. आपल्याकडे तो अखत्यार विधिमंडळ आणि वित्त विभाग यांच्यातच राहतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र तो प्रश्न थेट मतदारासमोर ठेवता येतो, आणि 2010 साली तेथे जे घडले त्याइतके उद्बोधक उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

तेथील शहरांच्या पुनर्विकास संस्था 1945 च्या कायद्याने निर्माण झाल्या. एखादा भाग अवनत म्हणून जाहीर करावा, त्या वेळचे मालमत्ता कराचे उत्पन्न पायाभूत मानावे, आणि पुढे होणारी करवाढ संस्थेने घेऊन तिच्या तारणावर कर्जरोखे काढावेत, अशी ही रीत होती. 1952 मध्ये मतदारांनीच तिला राज्यघटनेत स्थान दिले. याच मार्गाने सॅन डिएगोचे बेसबॉलचे क्रीडांगण उभे राहिले, आणि याच मार्गाने लॉस एंजेलिसच्या बंकर हिलवरील जुनी वस्ती भुईसपाट झाली. परंतु वाढीव कर संस्थेकडे गेला की शाळांचा वाटा घटे, आणि शाळांना किमान निधीची घटनात्मक हमी असल्याने त्यातली पुष्कळशी तूट राज्याच्या माथी येई. शहराने इमारती बांधाव्यात आणि राज्याने शाळांचे देणे भागवावे, हा व्यवहार भरभराटीच्या काळातच निभणारा होता.

मंदी आली तेव्हा राज्याने दोन वर्षांत मिळून सुमारे 205 कोटी डॉलर या संस्थांकडून ओढून घेण्याचे ठरवले. संतापलेल्या शहरांनी अशा वसुलीला राज्यघटनेतच मनाई करणारा प्रस्ताव 22 मतदानास आणला आणि नोव्हेंबर 2010 मध्ये तो साठ टक्क्यांहून अधिक मतांनी संमत झाला. राज्याचा हात आता या निधीला लागणार नाही, असे सर्वांना वाटले.

ओकलंडचे महापौर असताना या पद्धतीचा स्वतः उपयोग केलेले जेरी ब्राउन आता गव्हर्नर झाले होते. 2011 साली त्यांच्या संमतीने दोन कायदे झाले: पहिल्याने संस्था विसर्जित केल्या, दुसऱ्याने राज्याने ठरवलेली रक्कम भरणाऱ्या शहरांतील संस्थांना जीवदान देऊ केले. शहरांनी दोन्हींविरुद्ध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 29 डिसेंबर 2011 रोजी न्यायालयाने म्हटले की, संस्था निर्माण करणाऱ्या विधिमंडळाला त्या मोडण्याचाही अधिकार आहे. मात्र जीवदानासाठी रक्कम मागणे हे प्रस्ताव 22 ने निषिद्ध ठरवलेलेच वर्तन होय, सबब दुसरा कायदा रद्द. मला हा निकाल तर्कदृष्ट्या निर्दोष वाटतो, आणि म्हणूनच विलक्षण! रक्कम मोजून तग धरण्याची वाट शहरांनी मागून घेतलेल्या संरक्षणानेच बंद केली. शिवाय तो निर्बंध राज्यघटनेत लिहिलेला असल्याने विधिमंडळाला तडजोडीचा नवा ठराव करून तो ओलांडता येईना.

1 फेब्रुवारी 2012 रोजी चारशेच्या आसपास संस्था संपुष्टात आल्या. त्यांचे कर्जरोखे फेडण्यासाठी उत्तराधिकारी संस्था नेमल्या गेल्या. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांसाठी वाढीव करातून राखून ठेवावा लागणारा वीस टक्के हिस्सा मात्र संस्थांबरोबरच संपला.