शेवटचं प्रकरण

राजकीय विचारांचा इतिहास शिकवायला लागलो, तेव्हा जॉन स्टुअर्ट मिलचं ‘कन्सिडरेशन्स ऑन रिप्रेझेंटेटिव्ह गव्हर्नमेंट’ वर्गात कधीच पुरं व्हायचं नाही. परीक्षा तोंडावर यायच्या आणि पुस्तक मिटायचं. अठरावं, म्हणजे शेवटचं प्रकरण मी फार उशिरा वाचलं.

त्या प्रकरणात आपण आहोत. स्वतंत्र देशाने ताब्यातल्या मुलखावर राज्य कसं करावं, हा त्याचा विषय. स्त्रियांनाही मताचा हक्क हवा, असं 1861 सालच्या या पुस्तकात ठासून सांगणारा मिल हिंदुस्थानसाठी मात्र कंपनीच्या कारभाराची तरफदारी करतो. 1823 मध्ये, सतराव्या वर्षी, तो लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत लागला आणि 1858 पर्यंत, तब्बल पस्तीस वर्षं, हिंदुस्थानला जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे करत राहिला. हा देश त्याने कधी पाहिला नाही.

वाचून मन विटलं. काही दिवस मिल शिकवावासाच वाटेना.

पुढे 25 नोव्हेंबर 1949 चं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण पुन्हा हाती घेतलं. माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, हा मिलचा इशारा त्यांनी सभागृहाला दिला होता. तो याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातला. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि थबकलो. मिलकडे तो इशारा नाहीच, ती कसोटी आहे. जे लोक भारावून जाऊन आपलं स्वातंत्र्य थोर पुरुषाच्या पायाशी ठेवतात, ते स्वातंत्र्याला कमी-अधिक अपात्र, असं तो म्हणतो. बाबासाहेबांनी त्यातली अपात्रता बाजूला सारली आणि उरलेलं वाक्य नव्या नागरिकांच्या हाती सावधगिरीची सूचना म्हणून दिलं. शिवाय जोडीला स्वतःचं सांगितलं: राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते.

आमच्या कामाचा गाभा मला तिथे सापडला. विचार कोणी मांडला एवढं सांगून भागत नाही. तो कोणी उचलला, त्यातलं काय ठेवलं आणि काय टाकलं, तेही पानं उलटून पाहावं लागतं. मिलला ज्यांच्यासाठी परकं राज्य रास्त वाटत होतं, त्यांनीच त्याच्या वाक्याने आपली लोकशाही राखायचं ठरवलं.

आता मी शिकवायला शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करतो. मग पहिलं. मग बाबासाहेबांचं भाषण.